उघाडीवाला शिवदास

आमच्या मोरव्यात माणूस गेला की त्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. चादर, गोधडी, उशी, सगळं एका गाठोड्यात बांधायचं आणि ओहोटी लागली की खाडीला देऊन यायचं. शिवदासचं पण बबनने तसंच केलं. सख्खा धाकटा भाऊ, रडून डोळे सुजलेले, त्याने गाठोडं बांधलं, खांद्यावर घेतलं आणि पाण्यात सोडून आला. उशी काय लगेच बुडत नाही. गाठोड्यातून सुटली, थोडा वेळ तरंगली, गोल फिरली, मग पाण्यासोबत गेली. बबन हात जोडून उभा होता.

संध्याकाळी मंजुळाने विचारलं, ह्यांचा फोन कुठे दिसत नाही.

तेव्हा सगळ्यांना एकदमच आठवलं. शिवदास फोन उशीच्या खोळीत घालून झोपायचा. कंपनीचा मेल सर्व्हर त्याच्या अंगावर होता. सर्व्हर बंद पडला की त्याच्या फोनवर खबर यायची, आणि गालाखाली फोन थरथरला की तो उठायचा, बाकी घर झोपलेलं राहायचं. इतकी वर्षं बघितलेली सवय, पण त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आली नाही. बबन भिंतीला टेकून खाली बसला तो उठेच ना. मंजुळाने ताट वाढलं आणि बोलली, भाऊजी, जेवून घ्या.

पण ती स्वतः जेवायला बसली नाही. फोनसाठी नाही. त्या फोनमध्ये सरूबाईचे धवले होते.

सरूबाई म्हणजे शिवदासची आई. धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. देवांना बोलवायचा धवला, मांडवाचा धवला, हळदीचा धवला, एकेक धवला असा लांब की म्हणता म्हणता चहा गार होतो. सगळं तोंडपाठ. कागदावर एक अक्षर नाही. आणि धवले एकटीने म्हणत नाहीत. एक पुढची, एक मागची. पुढची बाई ओळ उचलते, मागची त्या ओळीचा शेवट धरून परत म्हणते. मागचीला पुढची ओळ येत असली तरी ती तोंडातून काढायची नाही. ऐकायला कुणीही बसावं, सगळा गाव बसतो. मागून म्हणायला ती सांगेल तीच. आणि पुढे म्हणायचं तर जुन्या धवलारणीने स्वतःच्या तोंडाने बोलायला लागतं, की आता हिने पुढे म्हणायचं. त्याशिवाय कुणी पुढे बसत नाही, बसली तर बाया उठून जातील.

मंजुळा लग्न होऊन आली तेव्हापासून सासूच्या मागे बसली. हळदीला, मांडवाला, शेजारच्या मुर्धा गावात, राई गावात, जिथे बोलावणं येईल तिथे. सरूबाई पुढे, मंजुळा मागे. पण सरूबाईने तिला कधी पुढे म्हण असं सांगितलं नाही. म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हा पण नाही. शिवदास मात्र त्या दिवसांत रोज आईच्या खाटेजवळ फोन घेऊन बसायचा आणि तिचं भरून घ्यायचा. मग म्हातारी गेली. त्याच्यानंतर दोन वर्षं झाली नाहीत तर छातीत कळ येऊन शिवदास पण गेला.

आता त्यांच्या लेकीचं, चांदणीचं लग्न ठरलेलं. बाप गेला म्हणून वर्षाच्या आत उरकायचं होतं, नाहीतर मग लांबलं असतं. पोरगी एकच बोलली. "आई, बाकी काय नको मला. आजीचे धवले पाहिजेत."

मंजुळाला वाटलं, आपल्याला येतातच की. इतकी वर्षं म्हटलेत. एका दुपारी दार लावून बसली म्हणायला. आणि तिच्या लक्षात आलं की तिच्या तोंडात नुसते ओळींचे शेवट आहेत. सुरुवात कधी तिने केलीच नव्हती. शेपटं सगळी हातात, पण कुठल्या शेपटाला कुठलं तोंड, ते सासू घेऊन गेली होती. 

ते चांदणीला कळलं तेव्हा ती बोलली, बाबा सांगायचे ना, फोनचा काय भरवसा, आज हातात आहे उद्या पाण्यात पडेल. म्हणून आजीचं सगळं त्यांनी ऑफिसच्या मेलच्या पेटीत ठेवलंय.

पाण्यात पडेल, असं शिवदास बोलला होता. बबनने ते ऐकलं आणि उठून बाहेर गेला.

शिवदास तसा मिठागराचा माणूस. त्याचा बाप धर्माजी आगरावर उघाडीवर होता. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. भरती आली की उचलायची, खाडीचं पाणी आत घ्यायचं, पुरे झालं की पाडायची. मग मिठागरं बंद पडत गेली आणि शिवदास भाईंदर पूर्वेला एका भांड्यांच्या कंपनीत लागला. आधी गोडाऊनला, मग ऑफिसात, मग कुणी कॉम्प्युटर शिकवला, मग हा स्वतःच शिकत गेला. शेवटी कंपनीचा स्वतःचा मेल सर्व्हर त्याच्याकडे आला. छोटी खोली, दिवसरात्र एसी, आत एक काळं कपाट घुंघुं करतंय. मंजुळा एकदा बघून आलेली. तिला तिथे देवघरात गेल्यासारखं वाटलं होतं, चप्पल बाहेर काढली तिने, आणि शिवदास हसला नाही, त्याने पण काढली.

त्या दिवशी घरी येताना रिक्षात तिने विचारलं होतं, "सगळ्यांच्या पेट्या तुमच्याकडे. मग शेठची पत्रं पण वाचता?"

"पेट्या माझ्याकडे. पत्रं ज्याची त्याची."

"पण मनात आलं तर?"

तर तो बोलला, माझा बाप उघाडीवर होता ना. सगळ्या आगराचं पाणी त्याच्या हातून आत यायचं. म्हणून मीठ त्याचं झालं का? कुणाच्या कोंड्यात, मिठाच्या वाफ्यात, पाणी सोडायचं ते त्याला माहीत, पण मीठ ओढायचं ज्याचं त्याने. सर्व्हरचं तसंच आहे. एकाला नुसतं बघता येतं की पेटी आहे. एकाला आतलं वाचता येतं. एकाला आत काही ठेवता येतं. एकाला पुसता येतं. एकाला दुसऱ्याच्या नावाने पत्र धाडता येतं. आणि कुणाला काय द्यायचं ते ठरवायचा हक्क, तो परत वेगळाच. सहाही वेगळ्या चाव्या. एक दिली म्हणून दुसरी मिळत नाही. पेटीत एकेक कप्पा असतो, त्या एकेक कप्प्याला पण वेगळी यादी. ज्याचं नाव यादीत नाही त्याला कप्पा आहे हेच दिसत नाही.

मंजुळाने विचार केला आणि बोलली, म्हणजे धवल्यासारखं. ऐकायचं वेगळं, मागून म्हणायचं वेगळं, पुढे म्हणायचं वेगळं.

शिवदासने रिक्षात तिच्याकडे असं बघितलं की ते तिला अजून आठवतं. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा थांबलेली, मागून हॉर्न वाजतायत, आणि हा बघतोय. "मंजू," तो बोलला, "एवढं समजवायला मला वर्ष लागलं होतं."

तर ती आणि बबन गेले कंपनीत. बबन जबरदस्तीने सोबत आला, मी बुडवलंय मीच आणणार म्हणे. शिवदासच्या जागी आता क्षितिजा होती. जेसल पार्कला राहते, शिवदासच्या हाताखाली शिकलेली, त्याला काका म्हणायची. तिने मंजुळाला बघितलं आणि आधी खूप रडली. मग पाणी दिलं. मग मंजुळाने सांगितलं काय पाहिजे ते, आणि क्षितिजाचा चेहराच उतरला.

तिने सांगितलं की मशीनचं म्हणाल तर मी उघडू शकते, काकांच्या सगळ्या चाव्या आता माझ्याकडे आहेत. पण काकांनीच नियम घातलाय. माणूस सोडून गेला किंवा वारला, तर त्याची पेटी कुणी वाचायची नाही, ती बंद करायची. बायकोने मागितली तरी नाही, शेठने मागितली तरी नाही.

बबन तडकला. "अगं बाई, घरचे आहोत आम्ही. चोर आहोत का?"

"बबनकाका, त्या पेटीत फक्त त्यांचं नाहीये ना," क्षितिजा बोलली. "त्यांना ज्यांनी लिहिलं त्यांचं पण आहे. लोक काय काय लिहायचे त्यांना. पगाराचं, घरचं. शिवदासभाई वाचतील, दुसरं कुणी नाही, म्हणून लिहिलेलं."

तेवढ्यात शेठ आले. कच्छकडचा माणूस, मोठा आवाज, पण शिवदासच्या मयताला शेवटपर्यंत थांबलेला. सगळं ऐकून घेतलं आणि बोलले, "अरे खोल ना क्षितिजा. भाभी आहे. मी मालिक आहे, मी बोलतो ना." वर हे पण सांगितलं की जुनी मशीन या महिन्याच्या शेवटी बंद होणार, नवीन ठिकाणी फक्त जिवंत लोकांच्या पेट्या जाणार. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

क्षितिजा बोलली, खोलते शेठ, पण मशीन लिहून ठेवेल, कुणी खोललं, केव्हा खोललं. ते लिहिलेलं मला पण पुसता येत नाही. काकांनी तसं करून ठेवलंय. नोकरीच्या एवढ्या वर्षांत त्या नोंदीत एकदाही त्यांचं नाव नाहीये, आता पहिलं नाव माझं येणार आणि ते पण त्यांच्याच पेटीवर.

 सगळे मंजुळाकडे बघायला लागले. तिने हो म्हटलं असतं तर झालं असतं काम.

मंजुळाला दिसत होतं काय जातंय ते. पोरीचा मांडव, सासूचा आवाज, सगळं त्या काळ्या कपाटात, एका भिंतीपलीकडे, घुंघुं ऐकू येतंय. पण तिला हे पण दिसत होतं की एवढ्या लोकांच्या पेट्या ज्याच्या हातात होत्या त्याने कधी एकीचं झाकण उचललं नाही. असा माणूस तिच्या शेजारी झोपत होता, उशीत फोन घालून, आणि ती त्याला भाजी आणायला पाठवत होती.

"नको," ती बोलली. "त्यांनी कुणाची नाही उघडली. त्यांची पण नको."

उठली. पदर सारखा केला. बबन वहिनी वहिनी करतोय. दारापर्यंत गेली आणि सहज आठवलं म्हणून बोलली, मेडिक्लेमच्या कागदांसाठी माझी पण एक पेटी केली होती ह्यांनी. मी काही कधी उघडली नाही. ती पण बंद करून टाक बाई, उगाच जागा अडवायची.

क्षितिजा खुर्चीतून अर्धी उठली. "काकी, तुमची पेटी आहे? आपल्या सर्व्हरवर?"

मग ती घाईघाईत सांगायला लागली, की पेटी मी वाचणार नाही, पण कुठल्या कप्प्यावर कुणाचं नाव आहे ती यादी मला बघता येते. यादी बघणं म्हणजे आतलं वाचणं नाही. हे माझं कामच आहे. तिने खटाखट काहीतरी लिहिलं. काळ्या पडद्यावर शिवदासच्या कप्प्यांच्या याद्या खाली उतरत गेल्या. प्रत्येकीवर एकच नाव, शिवदास. शिवदास. शिवदास. मग एका ओळीवर दोन नावं आली आणि क्षितिजाने हात तोंडावर धरला.

कप्प्याचं नाव धवले. पहिलं नाव शिवदास. दुसरं मंजुळा.

कुणाला काही उघडायची गरजच नव्हती. दार तिच्यापुरतं उघडंच होतं. शिवदासने जिवंतपणी उघडून ठेवलेलं, आणि तिला सांगितलं नव्हतं, किंवा सांगायचं राहून गेलं, कोण जाणे. तिने फक्त स्वतःच्या पेटीतून आत यायचं होतं.

पण स्वतःच्या पेटीचा पासवर्ड? क्षितिजा बोलली, मी नवीन करून देऊ शकते, पण आठवून बघा आधी. आणि मंजुळाला आठवलं. ती मोरीपाशी बोंबील साफ करत होती आणि शिवदास दारात येऊन उभा राहिलेला. मंजू, एक शब्द सांग, तुला कधी विसरायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला सुचायचा नाही. तिला वाटलं मस्करी करतोय. नवी नवरी असताना ती ज्या आगरात मिठाच्या टोपल्या वाहायची, त्यातल्या एका कोंड्याला बायांनी ठेवलेलं एक नाव होतं. पुरुषांना पण माहीत नव्हतं. ते सांगितलं होतं तिने. तो शब्द इथे लिहायचा नाही.

ती एकेका बोटाने अक्षरं शोधत बसली. क्षितिजाने न सांगता तोंड दुसरीकडे फिरवलं. ते बघून शेठने पण फिरवलं. बबन बघतच होता, त्याला शेठने खांद्याला धरून वळवलं.

पेटी उघडली. मेडिक्लेमची पाच-सहा पत्रं. आणि खाली, वेगळ्या फांदीवर, शिवदासचं नाव आणि त्याच्या खाली एकच कप्पा. शिवदासच्या पेटीत शेकड्याने कप्पे होते. तिला दिसत होता एक. बाकीचं बंद आहे असं सुद्धा दिसत नव्हतं. जसं काही त्या माणसाने आयुष्यभर एवढंच एक ठेवलं होतं आणि ते तिच्यासाठी.

क्षितिजाने हेडफोन दिले. मंजुळाने ऐकायला सुरुवात केली आणि तिथे ऑफिसात, भांड्यांच्या सॅम्पलच्या कपाटासमोर, सरूबाईचा आवाज तिच्या कानात बसला. धापा टाकत होती म्हातारी, पण ओळ सोडत नव्हती. मंजुळाचे ओठ आपोआप मागचं म्हणायला लागले. एक झाला, दुसरा झाला. शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये गाणं नव्हतंच. आधी खोकला. मग सरूबाईचं बोलणं.

"शिवा, चालू हाय का रे तुझा डबा? ऐक. हे मंजीला दे. मी तिला तोंडावर कदी बोलले न्हाय. बोलले असते तर मला मागं बसाया लागलं असतं, आनी मला मागं बसता येत न्हाय." मग बारीक हसली म्हातारी. "माझ्या पाठी तिनंच पुढं म्हनायचं. दुसरी कोनी न्हाय."

आणि मग शिवदासचा आवाज, लांबून, फोन धरणाऱ्याचा. "बरं आई."

मंजुळाने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.  मग बोलली, मला ह्यात काय काय करता येतं ते सांग, माझ्या नावापुढे काय लिहिलंय.

क्षितिजाने परत यादी काढली आणि बघितली. बोलली, काकांनी तुम्हाला नुसतं ऐकायचं नाही दिलेलं काकी. आत ठेवायचं पण दिलंय. पुसायचं नाही दिलं. म्हणजे तुम्ही ह्यात भर घालू शकता, पण ह्यातलं एक पण कमी करू शकत नाही.

आईने तोंडाने सांगितलं आणि लेकाने ते मशीनला सांगून ठेवलं. दोघांनी एकच गोष्ट सांगितली. मंजुळा त्या पडद्याकडे हात जोडणार होती, पण सगळे बसलेले म्हणून नाही जोडले.

शेठने तिथल्या तिथे सांगितलं, हा एक कप्पा नवीन ठिकाणी जाणार, यादीसकट, जशी आहे तशी. बाकी पेटी महिन्याच्या शेवटी बंद झाली. क्षितिजाने स्वतः बंद केली, न वाचता.

लग्नापर्यंत मंजुळा रोज दुपारी फोनवर लावून सासूच्या मागे म्हणत बसली, आणि मग हळूहळू पुढे. चांदणीच्या मांडवात ती पुढे बसली. मागे बबनची बायको संजना. जुन्या बाया आल्या, एकमेकींकडे बघितलं, ही कशी काय पुढे. तेव्हा बबनने मंजुळाच्या मोबाईलला मोठा स्पीकर लावला आणि सरूबाईचं ते बोलणं सगळ्या मांडवाला ऐकवलं. मला मागं बसता येत न्हाय म्हटल्यावर एक बाई हसली, मग सगळ्याच हसल्या, आणि डोळे पुसले, आणि कुणी उठून गेलं नाही. मंजुळाने देवांना बोलवायचा धवला उचलला. पहिल्या ओळीला आवाज फाटला आणि मध्येच जोराचा खोकला आला. पण ओळ सोडली नाही.

चांदणीने ते भरून घेतलं होतं. सासरी जायच्या आधी आईला शिकवून गेली, कसं ते कप्प्यात ठेवायचं. मंजुळाने आपल्या फोनवरून एकटीने ठेवलं. सासूच्या धवल्यांखाली तिचा धवला जाऊन बसला. मग तिने लावून ऐकला, आणि तो खोकला ऐकून तिला लाज वाटली. म्हटलं हा काढून टाकू, परत नीट म्हणू. चांदणीने दाखवलं होतं तसं पुसायचं बटण दाबलं.

मशीनने नाही म्हटलं. परवानगी नाही.

तिने परत दाबलं. परत तेच. खिडकीतून खाडीचा वारा येत होता, ओहोटीचा वास. मंजुळा कमरेवर हात ठेवून उभी राहिली, जशी शिवदासशी भांडताना राहायची.

"अहो, खोकला आहे नुसता," ती बोलली.

मग हसली, आणि फोन उशीच्या खोळीत सरकवून चुलीकडे गेली.